विश्लेषण: घर पाहणारा एक, किंमत ठरवणारा दुसरा, असे मूल्यांकन कितपत भरवशाचे?

गृहकर्जाचा अर्ज केल्यानंतर काही दिवसांत बँकेच्या वतीने कुणीतरी घर पाहायला येते. मोबाइलवर दहा-पंधरा फोटो काढले जातात, दोन-तीन खोल्या मोजल्या जातात, वॉचमनकडे शेजारच्या फ्लॅटचा भाव विचारला जातो आणि पंधरा मिनिटांत पाहणी संपते. पुढे मूल्यांकनाचा अहवाल तयार होतो. त्यावरची सही मात्र अनेकदा वेगळ्याच व्यक्तीची असते. ती व्यक्ती त्या घरात कधी आलेलीच नसते.

‘व्हॅल्युएशन कमी आले’ म्हणून कर्ज कमी मिळाले, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. पण ते व्हॅल्युएशन कुणाच्या डोळ्यांनी झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्याने घर पाहिलेच नाही त्याने दुसऱ्याच्या पाहणीवर विसंबून किंमत ठरवावी का? अमेरिकेत या प्रश्नावर गेली काही वर्षे व्यावसायिकांमध्ये मोठा वाद सुरू आहे. भारतातल्या नियमांतही त्याची उत्तरे सापडतात.

पाहणी आणि मूल्यांकन यांत फरक काय?

मूल्यांकन हे एक मत असते. अमुक तारखेला, अमुक स्थितीत, खुल्या बाजारात या मालमत्तेला काय किंमत येईल, याबद्दल प्रशिक्षित व्यक्तीने दिलेले हे मत. ते देणाऱ्याला मूल्यांकनकार किंवा रोजच्या भाषेत व्हॅल्युअर म्हणतात. आसपासचे अलीकडचे व्यवहार, मालमत्तेचा आकार, वय, मजला, बांधकामाची स्थिती, मालकीची कागदपत्रे आणि परवानग्या यांच्या आधारे तो मत बनवतो.

पाहणी हा त्या मताचा पाया असतो. कागदावर जे आहे ते जागेवर आहे का, हे पाहणीतून कळते. त्यामुळे दोन्ही कामे वेगळी केली जाऊ शकतात. एकजण माहिती गोळा करतो, दुसरा तिच्यावरून किंमत काढतो. ही विभागणी सुरक्षित आहे की धोक्याची, हाच वादाचा मुद्दा आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कासाठी वापरला जाणारा रेडी रेकनरचा दर म्हणजे मूल्यांकन नव्हे. तो विभागानुसार ठरवलेला सरकारी दर असतो. त्या दराला एखाद्या फ्लॅटच्या छतातून पाणी गळते की नाही, हे ठाऊक नसते. ते कळण्यासाठी कुणीतरी तिथे जावेच लागते.

पाहणीतली छोटी चूक केवढ्याला पडते?

समजा, एका फ्लॅटचे चटई क्षेत्र, म्हणजेच कार्पेट एरिया, पाहणाऱ्याने ६५० चौरस फूट लिहिले. प्रत्यक्षात ते ६१० आहे. बंदिस्त केलेली बाल्कनी त्याने खोलीत धरली. २०१६ च्या रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार चटई क्षेत्रात बाल्कनी धरत नाहीत. त्या भागात दर चौरस फुटाला १२,००० रुपये भाव असेल, तर किंमत ७३ लाख २० हजारांऐवजी ७८ लाख रुपये निघते. म्हणजे ४ लाख ८० हजारांचा फरक.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात मालमत्तेच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. वरच्या उदाहरणात कर्जाची मर्यादा ५८ लाख ५६ हजारांऐवजी ६२ लाख ४० हजार होते. बँकेने ३ लाख ८४ हजार रुपये जास्त दिले आणि ग्राहकाने तेवढे कर्ज अंगावर घेतले, तेही अस्तित्वात नसलेल्या ४० चौरस फुटांसाठी. कार्यालयात बसलेल्या व्हॅल्युअरचे गणित अचूक होते. त्याच्यापर्यंत आलेला आकडाच चुकीचा होता.

जमिनीच्या बाबतीत धोका याहून मोठा असतो. गावाबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर खुणेचे दगड नसतील, तर सातबाऱ्यावरचा गट क्रमांक आणि समोर दिसणारी जमीन एकच आहे, हे सहज कळत नाही. रस्त्याला लागून असलेला प्लॉट दाखवून आतल्या बाजूच्या प्लॉटवर कर्ज मागितले, तर फोटोवरून ते ओळखू येत नाही. म्हणूनच अनेक बँकांच्या अहवालाच्या नमुन्यात दस्तातली चतुःसीमा आणि प्रत्यक्ष जागेवरची चतुःसीमा असे दोन रकाने शेजारी-शेजारी असतात. दुसरा रकाना जागेवर न जाता पहिल्यावरून उतरवला, तर त्या तपासणीला काही अर्थ उरत नाही.

मग व्हॅल्युअर स्वतःच का जात नाही?

कारणे व्यवहारातली आहेत. एका व्हॅल्युअरकडे अनेक बँकांचे काम असते. अहवाल दोन-तीन दिवसांत हवा असतो आणि ठरलेल्या फीमध्ये प्रवासाचा अर्धा दिवस बसत नाही. त्यामुळे बऱ्याच फर्ममध्ये साइट इंजिनिअर जागेवर जातो आणि अनुभवी व्हॅल्युअर कार्यालयात बसून अहवाल तपासतो. नवशिक्यांना काम शिकण्याची ही एक वाटही आहे.

अमेरिकेत लांबच्या ग्रामीण भागांत व्हॅल्युअर मिळणे कठीण असते. घराचा सौदा ठरलेला असतो, व्याजदराची मुदत चालू असते आणि अहवालासाठी आठवडे थांबावे लागते. त्यातूनच तिथे पाहणी आणि मूल्यांकन अधिकृतपणे वेगळे करण्याचा विचार पुढे आला.

अमेरिकेत काय बदलले?

अमेरिकेतली बरीचशी गृहकर्जे फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन मोठ्या संस्था बँकांकडून विकत घेतात. त्यामुळे मूल्यांकन कसे व्हावे, याचे त्यांचे नियम साऱ्या बाजाराला लागू पडल्यासारखे होतात. स्वतंत्र घरासाठी फॅनी मेचा १००४ क्रमांकाचा नमुना वर्षानुवर्षे वापरात आहे. त्यावर सही करताना व्हॅल्युअर जाहीर करतो की, घराची आतून-बाहेरून संपूर्ण पाहणी त्याने स्वतः केली आहे.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे परक्याच्या घरात जाणेच अवघड झाले. तेव्हा फक्त बाहेरून पाहून किंवा घर न पाहता मूल्यांकन करण्याची तात्पुरती मुभा मिळाली. ही सवलत २०२१ मध्ये संपली, पण कल्पना टिकली. मार्च २०२२ पासून फॅनी मेने ठरावीक प्रकारच्या कर्जांसाठी ‘डेस्कटॉप’ मूल्यांकन कायमचे स्वीकारले. त्यात व्हॅल्युअर घरी जात नाही. मात्र भिंतींसह घराचा मोजमाप केलेला आराखडा सक्तीचा असतो.

त्यापुढचा प्रकार म्हणजे ‘हायब्रिड’ मूल्यांकन. त्यात प्रॉपर्टी डेटा कलेक्टर नावाची प्रशिक्षित व्यक्ती घरी जाते, ठरलेल्या पद्धतीने मोजमाप आणि फोटो घेते. ती माहिती घेऊन व्हॅल्युअर किंमत ठरवतो. हे काम इस्टेट एजंट, विमा कंपन्यांसाठी पाहणी करणारे किंवा शिकाऊ व्हॅल्युअरही करू शकतात. त्यांची पार्श्वभूमी तपासलेली असावी, अशी अट असते. २०२३ मध्ये फॅनी मे आणखी एक पाऊल पुढे गेली. काही कर्जांत फक्त डेटा कलेक्टरची माहिती घ्यायची आणि स्वतंत्र मूल्यांकन करायचेच नाही, असाही पर्याय आला.

सर्वांनी हा मार्ग धरलेला नाही. कमी उत्पन्नाच्या आणि पहिल्यांदा घर घेणाऱ्या अनेकांना आधार देणाऱ्या एफएचए या सरकारी योजनेत, नेमलेल्या व्हॅल्युअरने स्वतः घर पाहणे अपेक्षित असते. शिकाऊ मदतनीस सोबत असू शकतो, पण तो व्हॅल्युअरची जागा घेऊ शकत नाही.

तिथल्या व्यवसायाची आचारसंहिता, म्हणजे यूएसपीएपी, मधला मार्ग घेते. व्हॅल्युअरने घर पाहिलेच पाहिजे, असे ती प्रत्येक वेळी म्हणत नाही. पण सही करणाऱ्याने ‘मी ही मालमत्ता स्वतः पाहिली आहे’ किंवा ‘पाहिलेली नाही’ हे प्रमाणपत्रात स्पष्ट लिहिलेच पाहिजे. दुसऱ्याच्या माहितीवर मोठा भार असेल आणि ती खोटी ठरल्यास किंमत बदलणार असेल, तर तेही अहवालात ठळकपणे सांगावे लागते.

समर्थकांचे म्हणणे काय?

पहिला मुद्दा वेळेचा आणि खर्चाचा. घराच्या जवळ राहणारी व्यक्ती लगेच जाऊ शकते. अनुभवी व्हॅल्युअरचा वेळ गाडी चालवण्यात जाण्यापेक्षा बाजाराच्या अभ्यासात जावा, असे त्यांना वाटते.

दुसरा मुद्दा शिस्तीचा. डेटा कलेक्टर ठरलेल्या यादीनुसार प्रत्येक खोलीचा फोटो घेतो आणि उपकरणाने मोजतो. जुन्या पद्धतीत दोन व्हॅल्युअर एकच घर दोन पद्धतींनी मोजत असत. म्हणूनच एप्रिल २०२२ पासून फॅनी मेने मोजमापासाठी एकच राष्ट्रीय मानक सक्तीचे केले.

तिसरा मुद्दा पूर्वग्रहाचा. मालक कोणत्या वंशाचा आहे हे पाहून घराची किंमत कमी लावली जाते, असे आरोप अमेरिकेत वारंवार झाले. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने या प्रश्नासाठी खास कृती गट नेमला. व्हॅल्युअरने मालकाला आणि त्याच्या घरातल्या तसबिरी पाहिल्याच नाहीत, तर पूर्वग्रहाला वाव कमी राहील, असा युक्तिवाद केला जातो.

आक्षेप काय आहेत?

यादी भरणे म्हणजे पाहणी नव्हे, हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. यादीत जे विचारले आहे तेवढेच माहिती गोळा करणारा पाहतो. अनुभवी व्हॅल्युअर एक गोष्ट पाहून पुढचा प्रश्न विचारतो. भिंतीला ताजा रंग फक्त एकाच कोपऱ्यात का? वरच्या मजल्यावर बाथरूम नेमके कुठे आहे? पोटमाळ्याची उंची इतकी कशी? मंजूर नकाशात ही खोली आहे का? अशा प्रश्नांची यादी आधी करता येत नाही. ते जागेवरच सुचतात.

शिवाय काही गोष्टी फोटोत येतच नाहीत. ओलीचा वास, शेजारच्या कारखान्याचा आवाज, रात्री न येणारे पाणी, गाडी वळणार नाही इतकी अरुंद गल्ली, हे सगळे किमतीत उतरते, पण चौकटीबाहेर राहते.

शेवटचा आक्षेप जबाबदारीचा. चूक झाली तर पाहणारा म्हणतो, ‘मी फक्त माहिती दिली.’ सही करणारा म्हणतो, ‘मला मिळालेल्या माहितीवरून मी मत दिले.’ नुकसान झालेल्या माणसाने जायचे कुणाकडे?

इंग्लंडमधल्या धुराड्याची गोष्ट काय सांगते?

या वादात १९८९ चा ब्रिटनमधला एक निकाल महत्त्वाचा ठरतो. १९८० मध्ये नॉर्विच शहरात एका महिलेने साधेसे घर घेतले. कर्ज देणाऱ्या संस्थेने सर्व्हेअर पाठवला. त्या पाहणीची फी महिलेनेच भरली होती. मोठ्या दुरुस्तीची गरज नाही, असे अहवालात होते. अहवालाची प्रत तिला मिळाली आणि त्यावर विसंबून, स्वतःची वेगळी पाहणी न करता तिने व्यवहार पूर्ण केला.

दीड वर्षाने छतावरच्या धुराड्याच्या विटा कोसळल्या आणि छप्पर फोडून बेडरूमपर्यंत आल्या. खालच्या खोलीतला धुराड्याचा भाग आधीच्या कुणीतरी काढून टाकला होता. वरचा भाग पुरेशा आधाराविना उभा होता. सर्व्हेअरने खालचा भाग काढलेला पाहिला होता, पण वरच्या भागाला आधार आहे का, हे तपासले नाही.

प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. सर्व्हेअर कर्जसंस्थेने नेमला असला, तरी साध्या घराचा सामान्य खरेदीदार त्याच्या अहवालावर विसंबणार हे त्याला ठाऊक होते; त्यामुळे खरेदीदाराप्रतीही त्याची जबाबदारी आहे, असे न्यायालयाने ठरवले. ‘आम्ही जबाबदार नाही’ हे अहवालातले छापील वाक्य अशा व्यवहारात वाजवी नाही, असेही म्हटले. महागड्या किंवा व्यापारी मालमत्तेच्या बाबतीत चित्र वेगळे असू शकते, हेही नमूद केले.

या गोष्टीचे दोन धडे आहेत. एक, स्वतः जाऊन पाहणे म्हणजे चांगली पाहणी झाली, असे नाही. इथे तज्ज्ञ स्वतः गेला होता आणि तरीही चुकला. दोन, पाहणीचे कौशल्य दिसलेल्या खुणेचा माग काढण्यात असते. यादीनुसार माहिती भरणाऱ्याने ‘बेडरूम: स्थिती चांगली’ असे लिहिले असते आणि ते खोटेही ठरले नसते. वर काय आहे, हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी कुणाची, हे मात्र आधी ठरलेले असावे लागते.

भारतात नियम काय म्हणतात?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ मध्ये नोंदणीकृत व्हॅल्युअरची तरतूद आहे. त्याने निःपक्षपाती आणि योग्य मूल्यांकन करावे, काम करताना पुरेशी काळजी घ्यावी, असे हे कलम सांगते. त्याखालच्या २०१७ च्या नियमांतला आठवा नियम इथे थेट लागू होतो. व्हॅल्युअर दुसऱ्या नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून माहिती किंवा वेगळे मूल्यांकन घेऊ शकतो. पण त्याचा पूर्ण तपशील अहवालात द्यावा लागतो, आणि अंतिम मूल्यांकनाची जबाबदारी पहिल्या व्हॅल्युअरवरच राहते. म्हणजे काम वाटून देता येते, जबाबदारी वाटून देता येत नाही.

त्याच नियमांतली आचारसंहिता व्हॅल्युअरला आपली जबाबदारी झटकू देत नाही. कंपनी, तिचे लेखापरीक्षक किंवा सल्लागार यांनी दिलेल्या माहितीवर किंवा सार्वजनिक माहितीवर आधारलेल्या गृहीतकांपुरतीच त्याला मोकळीक असते.

दिवाळखोरी प्रक्रियेत नियम अधिक स्पष्ट आहे. कर्जबुडव्या कंपनीच्या मालमत्तेचे मूल्य दोन नोंदणीकृत व्हॅल्युअर काढतात आणि तेही साठा व स्थावर मालमत्तेच्या प्रत्यक्ष पडताळणीनंतर. दोन आकड्यांत मोठी तफावत आली, तर तिसरा व्हॅल्युअर नेमता येतो.

घरासाठीच्या कर्जाचे मूल्यांकन मात्र प्रामुख्याने बँकेच्या पॅनलवरच्या व्हॅल्युअरकडून, बँकेच्या धोरणानुसार होते. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये बँकांना याबाबत धोरण ठरवायला सांगितले. ५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याच्या मालमत्तेसाठी किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्यावेत, असेही सांगितले. ७०-८० लाखांच्या फ्लॅटला हे दुसरे मत मिळत नाही. तिथे एकच पाहणी असते, म्हणून तिची गुणवत्ता अधिक महत्त्वाची ठरते.

दुसऱ्यावर विसंबणे नेहमीच चूक असते का?

नाही. विसंबण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होते.

पहिला प्रकार आपल्यापेक्षा जास्त जाणणाऱ्यावर विसंबण्याचा. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. खांबातल्या सळया किती गंजल्या, हे व्हॅल्युअरने नुसत्या नजरेने सांगू नये. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल मागवणे हेच शहाणपणाचे. मालकी हक्काबाबत वकिलाचा शोध अहवाल आणि हद्दीबाबत भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीही अशीच.

दुसरा प्रकार आपल्यापेक्षा कमी जाणणाऱ्यावर विसंबण्याचा. तो सोयीचा असतो. वाद आहे तो याच प्रकाराबद्दल.

मग कधी विसंबावे?

वरील सगळ्याचा विचार केला, तर पुढील अटी पूर्ण झाल्यासच दुसऱ्याच्या पाहणीवर विसंबणे योग्य ठरते:

- पाहणी करणारा प्रशिक्षित असावा आणि व्यवहारात त्याचा फायदा नसावा. विक्रेत्याने किंवा दलालाने पाठवलेले फोटो म्हणजे पाहणी नव्हे.
- पाहणी पडताळता यावी. तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदलेले फोटो, मोजमापासह आराखडा आणि जागेवरची चतुःसीमा हाताशी असावी.
- शंका आल्यास व्हॅल्युअरला पुन्हा पाहणी करवून घेण्याची किंवा स्वतः जाण्याची मुभा, वेळ आणि फी असावी.
- कुणी पाहिले, कधी पाहिले आणि काय पाहता आले नाही, हे अहवालात लिहिलेले असावे.
- अंतिम आकड्याची जबाबदारी सही करणाऱ्याने पूर्णपणे घेतलेली असावी.

मालमत्तेच्या प्रकारानेही फरक पडतो. ज्या नव्या टॉवरमध्ये एकसारखे पन्नास फ्लॅट आहेत आणि त्यांतले दहा नुकतेच विकले गेले, तिथे चांगल्या साइट इंजिनिअरची पाहणी पुरेशी ठरू शकते. गावठाणातले जुने घर, वाढीव बांधकाम असलेला बंगला, कारखान्याची शेड, रस्ता नसलेली जमीन, वाटणीचा वाद किंवा न्यायालयात जाणारे प्रकरण असेल, तर सही करणाऱ्याने स्वतः जागेवर जाण्याला पर्याय नाही. तिथे प्रत्येक मालमत्ता वेगळी असते आणि विचारायचे प्रश्न जागेवरच कळतात.

ग्राहकाने काय करावे?

पाहणीला आलेल्या व्यक्तीचे नाव, फर्म आणि ओळखपत्र विचारावे. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि करारनामा हाताशी ठेवून कोणते क्षेत्रफळ लिहिले जाते, हे तिथेच पाहावे. व्हॅल्युएशन अपेक्षेपेक्षा फार कमी किंवा जास्त आले, तर आधी क्षेत्रफळ, मजला आणि इमारतीचे वय बरोबर लिहिले आहे का, ते बँकेकडे विचारावे. अमेरिकेत घर तारण ठेवून पहिले कर्ज घेणाऱ्याला मूल्यांकनाच्या अहवालाची प्रत देणे कर्जदात्याला बंधनकारक आहे. भारतातही ग्राहकाने प्रत लेखी मागायला हरकत नाही. मिळाल्यास ‘प्रत्यक्ष पाहणी कुणी व कोणत्या दिवशी केली’ ही ओळ सर्वांत आधी वाचावी.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बँकेचे व्हॅल्युएशन बँकेच्या पैशांच्या सुरक्षिततेसाठी असते. कर्ज मंजूर झाले म्हणजे घर चांगले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. आयुष्यभराची कमाई घालताना छत, भिंती आणि कागदपत्रे यांची तपासणी स्वतःच्या माणसाकडून करून घेण्याचा खर्च घराच्या किमतीपुढे किरकोळ असतो. नॉर्विचच्या त्या महिलेला अखेर न्यायालयात भरपाई मिळाली. पण त्यासाठी आधी छत कोसळावे लागले आणि नंतर देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागले.